छापील पानाची मर्यादा

आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. संगणकावर साधा मजकूर लिहून तो कागदावर उतरविला असतां पानाची मांडणी आपल्या मनाप्रमाणें न येतां भलतीच कां येते, हा तो विषय होय. पानाच्या माथ्यावर न मागितलेलें फाइलीचें नांव उमटतें; तळाशीं पानाचा क्रमांक येऊन बसतो; ओळी मध्येंच तुटतात; रकाने वांकडे होतात; आणि एका पानांत मावावयाचा अर्ज दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडून मोकळा होतो. गोंदियाच्या बाजारांतील दुकानापासून देवरी-सालेकशाकडील सेवाकेंद्रापर्यंत हा अनुभव ज्यास आला नाहीं असा मनुष्य विरळा. बहुतेक लोक यंत्रास दोष देतात आणि दुसरा कागद घालतात. परंतु यंत्र स्वतःच्या बुद्धीनें कांहींच करीत नाहीं. तें जुन्या रूढी पाळतें. आणि त्या रूढी कोठल्या व कोणत्या कागदासाठीं पडल्या, हें आपणांस ठाऊक नसतें. म्हणून या प्रश्नाकडे प्रथम इतिहासाच्या बाजूनें पाहावें व मग उपायाकडे वळावें, असा माझा विचार आहे.

आपल्याकडील लिहिण्याची जुनी रीत पाहिली तर तींत पान आधीं आणि मजकूर मागाहून, असा क्रम दिसतो. पोथीचें पान आडवें व सुटें असे. ताडपत्राची ती लांबट आकृति कागद आल्यावरहि पोथीनें सोडली नाहीं. लेखणी उचलण्यापूर्वीं लेखक चारी बाजूंचे समास राखी आणि पानांत ओळी किती यावयाच्या हें ठरवी. मूळ ग्रंथ व त्याची टीका एकाच पानावर द्यावयाची असली म्हणजे मूळ मध्यभागीं ठसठशीत अक्षरांनीं आणि टीका त्याच्या वर व खालीं बारीक अक्षरांनीं लिहीत. या मांडणीस त्रिपाठ असें नांव आहे. आमगांवजवळील पद्मपूर हें महाकवि भवभूतीचें जन्मस्थान होय, अशी आपल्या भागांतील समजूत आहे. त्या भवभूतीचीं नाटकें छापखान्यापूर्वींचीं हजार वर्षें हस्तलिखितांच्याच आधारें टिकलीं. पान बिघडलें असतें तर वचन बिघडलें असतें, आणि मूळ कोणतें व टीका कोणती हें सांगणारा कोणी उरला नसता.

राजकीय कागदपत्रांत मांडणीस याहूनहि अधिक महत्त्व होतें. मोडी लिहितांना आधीं कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढीत आणि अक्षरें त्या रेघेस टांगीत जात. मजकूर लांबला तर कागदाचा दुसरा तुकडा पहिल्यास चिकटवीत. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर शिक्का असे, आणि मजकूर जेथें संपला तेथें ‘मर्यादेयं विराजते’ अशा अक्षरांची एक लहान मुद्रा उमटविलेली असे. हिलाच मोर्तब म्हणत. लेखनाची मर्यादा येथें संपली, यापुढें कोणी एक शब्द घातला तरी तो आमचा नव्हे, असा तिचा अर्थ. ‘शिक्कामोर्तब झालें’ असें आपण आज सहज बोलून जातों. परंतु त्या जोडशब्दाच्या पोटीं पानाची मांडणीच आहे. शिक्का ही वरची हद्द आणि मोर्तब ही खालची हद्द. एवंच, मांडणी ही शोभेची वस्तु नव्हती. ती पुराव्याचा भाग होती. हा मुद्दा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्यावर उभें आहे.

छापखाना आला तेव्हां पानाचा कारभार लेखकाच्या हातांतून खिळे जुळविणाराच्या हातांत गेला. १८०५ सालीं विल्यम कॅरी यानें बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें मराठी भाषेचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें. १८३१ सालीं गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईस शिळाछापावर मराठी पंचांग काढलें. पंचांग म्हणजे केवळ रकान्यांचा संसार. त्यांतील एक आंकडा शेजारच्या रकान्यांत सरकला तर तिथीचा घोटाळा होऊन घरोघरचें व्रत चुकावयाचें. पुढें ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकर यांनीं ‘दर्पण’ पत्र सुरू केलें. त्यांत इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापीत. १८६९ सालीं जावजी दादाजी यांनीं निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी छपाईच्या सुबकपणाचा कित्ता घालून दिला. 

खिळ्यांच्या छपाईंत एक गोष्ट मोठी ध्यानांत घेण्याजोगी होती. कागदावर जी जागा कोरी दिसते ती छापखान्यांत कोरी नसे. दोन शब्दांमधील अंतर, दोन ओळींमधील अंतर, परिच्छेदाच्या आरंभींची मोकळीक, या प्रत्येक ठिकाणीं खिळ्यांहून बुटका असा धातूचा तुकडा हातानें बसवावा लागे. मग तें सर्व लोखंडी चौकटींत आंवळून फर्मा तयार करीत. एक तुकडा कमी पडला तर खिळे सैल होऊन गळूं लागत. अर्थात् कोरी जागादेखील कोणी तरी विचार करून घातलेली असे. अक्षर एकीकडे व पान दुसरीकडे अशी फारकत तेथें संभवतच नव्हती.

१८७४ सालीं अमेरिकेंत रेमिंग्टन कंपनीचें टंकलेखनयंत्र बाजारांत आलें, आणि पुढें तें आपल्या कचेऱ्यांतूनहि पसरलें. १९५५ सालीं गोदरेज कंपनीनें भारतीय बनावटीचें यंत्र काढलें. या यंत्रावर डावा व उजवा समास टंकलेखक स्वतः खुंट्या सरकवून ठरवी. ओळ संपत आली कीं घंटी वाजे. मग तो हातानें गाडी मागें ढकली व कागद एक ओळ वर सरकवी. ओळ कोठें तोडावयाची हें प्रत्येक ओळीस मनुष्यच ठरवीत असे. १ मे १९९९ रोजीं आपला गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला, त्या सुमारासहि कचेरीच्या आवारांत या यंत्राचा खडखडाट ऐकूं येत असे. पुष्कळांचीं बोटें त्यावरच तयार झालीं आणि तीच संवय घेऊन तीं संगणकाकडे वळलीं. या संवयीचा परिणाम पुढें दिसेल.

आतां संगणकाकडे येऊं. त्याची छपाईची रीत टंकलेखनयंत्राकडून टेलिप्रिंटरमार्फत आली. टेलिप्रिंटरावर अक्षरांबरोबर हुकूमहि तारेनेंच धाडावे लागत : ‘गाडी मागें न्या’, ‘कागद एक ओळ सरकवा’, ‘नवें पान घ्या’. १९६३ सालीं अमेरिकेंत आस्की नांवाची अक्षरसंहिता ठरली, तेव्हां हे हुकूमहि अक्षरांच्या पंक्तीस बसविण्यांत आले. पुढें युनिक्स नांवाच्या प्रणालीनें ओळीच्या शेवटीं एकच खूण ठेवली, तर विंडोज प्रणालीनें दोन खुणा ठेवल्या. विंडोजमधील नोटपॅड या लहानशा संपादकास २०१८ सालापर्यंत ती एकेरी खूण ओळखतां येत नसे. त्यामुळें दुसऱ्या प्रणालीवरून आलेला मजकूर त्यांत एकच लांबलचक ओळ होऊन पडे.

पानाची रुंदी व उंची यांचाहि असाच वारसा आहे. १९२८ सालीं आय.बी.एम. कंपनीनें ८० रकान्यांचें छिद्रपत्र काढलें. पुढें पडद्यावरील ओळहि ८० अक्षरांची झाली. अमेरिकन कागद ११ इंच उंच व इंचास ओळी ६, म्हणून पानाच्या ओळी ६६. युनिक्समध्यें छपाईसाठीं पान पाडणारी पी-आर नांवाची एक आज्ञा आहे. ती या ६६ ओळींपैकीं वरच्या ५ व खालच्या ५ राखून ठेवते आणि माथ्यावर दिनांक, फाइलीचें नांव व पानाचा क्रमांक घालते. ज्या काळीं एकाच यंत्रांतून अनेकांचे कागद एकामागून एक बाहेर पडत, त्या काळीं कोणाचें पान कोणतें हें ओळखण्यास असें नांव फार उपयोगी होतें. १९८५ सालीं विंडोजबरोबर नोटपॅड आलें. तेंहि, आपण कांहीं न सांगितल्यास, माथ्यावर फाइलीचें नांव व तळाशीं पानाचा क्रमांक छापतें. आपल्या अर्जाच्या डोक्यावर बसणारा आगंतुक पाहुणा तो हाच!

आतां मुख्य गोष्ट सांगतों. नोटपॅडसारखा साधा संपादक फाइलींत केवळ अक्षरें व ओळ संपल्याच्या खुणा ठेवतो. कागद केवढा, समास किती, अक्षर कोणत्या वळणाचें व केवढें, यांपैकीं कांहींच त्या फाइलींत नसतें. पान तेथें नसतेंच. तें प्रत्येक छपाईच्या वेळीं नव्यानें बनतें, आणि जें यंत्र छापतें त्याच्या ठरावीक समजुतींप्रमाणें बनतें. म्हणूनच एकच मजकूर घरीं एका पानांत मावतो आणि सेवाकेंद्रांत दोन पानें खातो. पोथीलेखकाच्या वेळीं जें आधीं ठरत होतें तें आतां सर्वांत शेवटीं, आणि पुष्कळदां कोणीच न ठरवितां, ठरून जातें.

कागदाच्या मापाचा घोटाळा यांत भर घालतो. आमच्या पिढीचा कागद फुलस्केप. विदूषकाच्या टोपीच्या जलचिन्हावरून त्यास तें नांव पडलें, आणि परीक्षेची उत्तरपत्रिका असो वा कोर्टांतील अर्ज असो, तोच लांबट कागद आम्हीं वापरला. १७८६ सालीं जर्मन विद्वान लिश्टेनबर्ग यानें एका पत्रांत असें दाखविलें कीं लांबी-रुंदीचें एक विशिष्ट प्रमाण राखिल्यास कागद मधोमध दुमडला तरी तेंच प्रमाण कायम राहतें. याच तत्त्वावर १९२२ सालीं जर्मनींत कागदाचीं मापें ठरलीं आणि १९७५ सालीं त्यांस आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आपला ए-४ कागद त्यांतलाच, २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच. अमेरिकेंत मात्र लेटर नांवाचा कागद राहिला; तो २१६ रुंद व २७९ उंच. पुष्कळ यंत्रें व आज्ञावल्या अमेरिकेंत घडलेल्या, म्हणून त्या कित्येकदां लेटरच गृहीत धरतात. मग ए-४ कागदावर तळाशीं पट्टी कोरी राहते व कडेची अक्षरें कापलीं जातात, किंवा सर्व मजकूर आंखडून बारीक होतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि १ एप्रिल २०२० पासून आपल्या कामकाजासाठीं ए-४ कागद व त्याच्या दोन्ही बाजूंस छपाई अशी रीत लागू केली. कागदाचें माप हा कारकुनी हट्ट नव्हे, हें यावरून दिसून येईल.

देवनागरी लिपीची अडचण आणखी निराळी. १९९१ सालीं भारतीय लिप्यांसाठीं इस्की ही संहिता प्रमाण ठरली व त्याच सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तरीपण दीर्घ काळ पुष्कळ दुकानांतून कृतिदेवसारखीं वळणें चाललीं. त्यांत पडद्यावर मराठी दिसे, परंतु आंत इंग्रजी अक्षरांच्याच खुणा असत. असें वळण ज्या यंत्रांत नाहीं तेथें ‘अर्ज’ शब्दाच्या जागीं निरर्थक इंग्रजी अक्षरें उमटतात. शिवाय मराठी अक्षरांची रुंदी सारखी नसते. म्हणून रिकाम्या जागा ठोकून जुळविलेले नांवांचे व रकमांचे रकाने वळण बदलतांच विस्कटतात.

हें सारें जाणून करावयाचें काय, असें कोणी विचारील. मी सेवानिवृत्त झाल्यापासून गांवांतील लोकांचे कागद वाचून देतों, त्यांतील एक प्रकार सांगतों. एका शेतकरी कुटुंबांतील पांच भावंडांनीं वारसाहक्काचें संमतिपत्र लिहविलें. घरच्या यंत्रावर तें एका पानांत बसत होतें. दुसरीकडे छापलें तेव्हां मजकूर पहिल्या पानाच्या तळाशीं संपला आणि सह्यांची जागा तेवढी दुसऱ्या पानावर गेली. त्या पानावर पांच सह्या, एक फाइलीचें इंग्रजी नांव व एक आंकडा, याखेरीज अक्षर नव्हतें. कचेरींतील कारकुनानें विचारलें, या सह्या कोणत्या मजकुरावर केल्या आहेत हें या कागदावरून कसें समजावें? त्याचा प्रश्न गैर नव्हता. परंतु तोंपर्यंत दोघे भाऊ कामधंद्यासाठीं दूर निघून गेले होते. पुन्हां पांचहि जण एकत्र येईपर्यंत धानाचा एक हंगाम सरला. भांडण नव्हतें, लबाडी नव्हती. केवळ मोर्तब मजकुरापासून तुटली होती. ग्रामसभेचे ठराव व २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे यांवर आपल्या जिल्ह्यांत कित्येक कुटुंबांची जमीन अवलंबून असते. अशा कागदांवर अंगठे उमटविणाऱ्या लोकांस तर मजकूर कोठें संपतो हें दुसऱ्याच्याच डोळ्यांनीं पाहावें लागतें. त्यांच्या बाबतींत नीट पान पाडणें हें प्रामाणिकपणाचेंच अंग होय.

आतां उपाय क्रमानें सांगतों. दोष कोणता हें आधीं पाहावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी; नाहींतर गुण कशानें आला हें कळत नाहीं.

माथ्यावर नांव किंवा तळाशीं क्रमांक नको असल्यास नोटपॅडच्या फाइल या सदरांत पेज सेटअप उघडावें. तेथें हेडर व फुटर या दोन चौकटींत खुणा आधींच भरलेल्या असतात. त्या पुसून चौकटी रिकाम्या ठेवाव्या. समासाचे आंकडेहि तेथेंच असतात.

तळाशीं कोरी पट्टी राहत असेल, कड कापली जात असेल, अथवा अक्षरें आपोआप बारीक होत असतील, तर कागदाचें माप तपासावें. यंत्रांत घातलेला कागद पट्टीनें मोजावा. मग संपादकांत व प्रिंटरच्या मांडणींत, अशा दोन्ही ठिकाणीं, ए-४ निवडलें आहे कीं नाहीं हें पाहावें. एका ठिकाणीं ए-४ व दुसऱ्या ठिकाणीं लेटर असलें कीं घोटाळा झालाच. आकार शंभर टक्के ठेवावा. ‘पानांत बसवा’ हा पर्याय गरज नसतां घेऊं नये.

एक ओळ लांब व पुढची तोकडी, अशी दंतुर मांडणी येत असेल तर तो टंकलेखनयंत्राच्या संवयीचा परिणाम समजावा. प्रत्येक ओळीच्या शेवटीं एंटर दाबलें म्हणजे गाडी मागें ढकलल्याची खूण फाइलींत कायम राहते. अरुंद पानावर ती ओळ आधीं आपोआप तुटते व मग त्या खुणेपाशीं पुन्हां तुटते. म्हणून एंटर परिच्छेद संपल्यावरच दाबावें, आणि जुन्या मजकुरांतील मधल्या खुणा काढून ओळी जोडून घ्याव्या.

रकाने विस्कटत असतील तर तें काम साध्या संपादकाचें नव्हे असें समजावें. तक्ते आंखण्याची सोय असलेल्या लेखनप्रणालींत ते करावे. निरर्थक अक्षरें उमटत असतील तर मजकूर युनिकोड मराठींत आहे कीं नाहीं हें पाहावें.

सर्वांत महत्त्वाचें असें कीं दुसऱ्याच्या यंत्रावर छापावयाचें असल्यास सुटा मजकूर नेऊंच नये. आपल्या यंत्रावर त्याचें पीडीएफ करून न्यावें. पीडीएफमध्यें कागदाचें माप, समास, ओळींची जागा व अक्षरांचें वळण हीं सर्व बांधून ठेवतां येतात. आंवळलेला फर्माच तो. तो आधीं पडद्यावर उघडून शेवटचें पान पाहावें. सही एकटी पडत असेल तर मजकुरांतील निदान दोन-तीन ओळी तिच्याबरोबर पुढच्या पानावर न्याव्या, प्रत्येक पानावर ‘२ पैकीं १’ अशा रीतीनें क्रमांक घालावा, आणि पानें एकूण किती तें सहीच्या वर अक्षरांत लिहावें. सही प्रत्येक पानावर घ्यावी. शेवटच्या ओळीखालीं आडवी रेघ मारण्याची जी रीत आम्ही शाळेंत शिकविली ती सोडूं नये.

श्रोतेहो, आमच्या पूर्वजांजवळ वीज नव्हती, यंत्र नव्हतें, आणि कागदहि मुबलक नव्हता. तरीपण लिहिणें कोठें संपतें हें ते स्वतः ठरवीत आणि त्या जागीं मुद्रा उमटवीत. आज यंत्र आपलें काम क्षणांत करतें. परंतु पानाची हद्द ठरविण्याचें काम त्यानें आपल्याकडून मागून घेतलेलें नाहीं. आपण तें सोडून दिलें, म्हणून तें दूरच्या कोणा कागदाच्या मापानें होतें. छापण्याचा हुकूम देण्यापूर्वीं पान एकवार डोळ्यांखालून घालावें, एवढी संवय मुलांस शाळेपासून लावली तर पुष्कळ कागद वांचेल, आणि कित्येकांच्या खेपाहि वांचतील. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.